समुद्राच्या लक्षात न आलेला जावई

सांगलीच्या डॉक्टर मृणालिनी शेवडे यांनी मुलीच्या, म्हणजे ऋताच्या, लग्नासाठी एकच अट ठेवली होती. मुलाला माशांनी किमान सत्तर गुण दिलेले असावेत. पगार, उंची, पत्रिका, फ्लॅट यांतलं काहीही त्यांनी विचारलं नाही. या मोकळेपणाचं मला फार कौतुक वाटलं. मुलगा म्हणजे मी, हे लक्षात आल्यावर ते ओसरलं.

मासे माणसांना गुण कसे देतात, ते आधी सांगून टाकतो.

प्रवाळाची रांग वरून बघताना फार शांत, ध्यानाला बसल्यासारखी दिसते. पाण्याखाली तिथे लग्नघराचा गोंगाट असतो. बोटभर लांबीची एक कोळंबी आपली नांगी इतक्या जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि टिचकी वाजते. अशा लाखो कोळंब्या एकाच वेळी टिचक्या मारत असतात, त्यामुळे सतत कुणीतरी पापड तळत असल्यासारखं ऐकू येतं. त्यात मासे घुमतात, कुरकुरतात, दात खातात. प्रवाळ जितका निरोगी, तितकी कलकल जास्त. पण शिकारी मासा आला, किंवा पायात रबरी पंख घातलेला एखादा माणूस धडपडत आला, की आसपासचे मासे गप्प होतात. पाहुणे आल्यावर घरातलं भांडण थांबतं, तसं.

ही शांतता मोजण्यासाठी काही वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी मायक्रोफोन पेरले गेले. यंत्रणेचं नाव कानोसा. तुम्ही मनगटावर बिल्ला बांधून पाण्यात शिरलात की तुम्ही कुठे आहात ते कानोशाला कळतं. तुमच्या आधीची कलकल आणि तुम्ही आल्यानंतरची कलकल यांची तो तुलना करतो. काहीच फरक पडला नाही तर शंभर गुण, सगळं चिडीचूप झालं तर शून्य. गुण धरतात ते बुडीच्या शेवटच्या काही मिनिटांचे. सुरुवातीला सगळेच शहाण्यासारखे वागतात, दमल्यावर खरा स्वभाव बाहेर येतो. कुणाला कुठल्या किनाऱ्यावरून पाण्यात सोडायचं हे प्रवाळालाच ठरवू द्यावं, असा हेतू होता आणि तो सफल झाला. प्रवाळ वाढायला लागले. तिथेच थांबायला हवं होतं.

पण एका विवाहमंडळातल्या हुशार माणसाने असं शोधून काढलं की ज्यांचे गुण जास्त, त्यांचे संसार टिकतात. त्याने एकूण किती संसार तपासले हे कुणी विचारलं नाही. वर्षभरात स्थळांच्या माहितीत रक्तगटाखाली 'शांतगुण' आले. पुण्यातल्या सोसायट्या भाडेकरूचे शांतगुण बघायला लागल्या. एका शाळेने मुख्याध्यापक त्यावरून निवडले. माणूस उत्तम होता, फक्त शाळेत आलाय की नाही ते कुणाला कळत नसे.

डॉक्टर शेवड्यांनी, म्हणजे माझ्या दृष्टीने काकूंनी, ही अट पहिल्यांदा ऋताच्या चुलतबहिणीच्या वेळी लावली. त्या मुलाला अडुसष्ट होते. निर्व्यसनी, इंजिनिअर, वर स्वतःची द्राक्षबाग. काकूंनी भर बैठकीत पोह्यांची बशी खाली ठेवली आणि नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून समस्त शेवडे कुळात त्या नियमाच्या पक्क्या म्हणून प्रसिद्ध होत्या, आणि अशा प्रसिद्धीतून माणसाला सुट्टी मिळत नाही.

माझी आणि ऋताची ओळख बंद पडलेल्या लिफ्टमध्ये झाली. मी नाशिकच्या एका कंपनीत यंत्रांच्या माफ्या लिहितो. हल्ली प्रत्येक यंत्र बोलतं आणि बिघडल्यावर त्याला मराठीत काहीतरी म्हणावं लागतं; ते मी लिहून देतो. ती लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली आणि म्हणाली, "आपण दोघेही थोडे थांबू या." ऋताने विचारलं, हे कुठल्या मूर्खाने लिहिलंय. मी हात वर केला. पुढचं सगळं सुरळीत झालं, ते थेट काकूंपर्यंत.

तर परीक्षेसाठी आम्ही चौघं लक्षद्वीपातल्या मिनियाल नावाच्या छोट्या बेटावर आठवड्याच्या सुट्टीला आलो. काकू, पद्माकरकाका, ऋता आणि उमेदवार. सांगलीच्या तरणतलावात आमचं स्कूबाचं शिक्षण झालं होतं. तलावात मासे नसल्यामुळे तिथे सगळेच पास झाले.

काका एसटीच्या विभागीय कार्यालयात वेळापत्रकं बसवून निवृत्त झालेले. बेटावर पाय ठेवल्यापासून त्यांना आयुष्यात पहिल्यांदा सुट्टी लागल्यासारखं वाटत होतं, कारण बसवायला नवं वेळापत्रक मिळालं होतं. इथे होडी नव्हती. वाळूवरून चालत पाण्यात शिरायचं: आधी गुडघे, मग कंबर, मग छाती, मग समुद्र. पाण्यात उतरायच्या तीन वाटा. त्यात भरती-ओहोटी, वारा, ऊन आणि नायट्रोजन. नायट्रोजनचं असं की खोल पाण्याच्या दाबाखाली तो रक्तात विरघळतो, सोड्याच्या बाटलीत वायू विरघळतो तसा. घाईने वर आलात तर बाटली उघडल्यासारखं होतं. सावकाश वर आलात तरी थोडा उरतोच, म्हणून दोन बुड्यांच्या मध्ये विश्रांती आणि दिवसाला फार तर दोन बुड्या. काका बुडीला फेरी म्हणत. रोज संध्याकाळी कानोसा उद्याच्या वाटा जाहीर करायचा आणि काका त्यावरून जेवणाच्या टेबलावर उद्याच्या फेऱ्या जाहीर करायचे. विश्रांतीला ते 'डेपोत गाडी' म्हणत.

पहिल्या संध्याकाळी काकूंनी मला समोर बसवून घेतलं. मी जेवत होतो आणि त्या माझ्या जबड्याकडे बघत होत्या. डेंटिस्टसमोर जेवणं हा वेगळाच अनुभव आहे. आपण पुरावा चघळतोय असं वाटतं. उजवीकडे खाली दुखतं का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, दुखेल. मग बघून घ्या ना, असं मी नम्रपणे सुचवल्यावर त्यांनी सांगितलं की हल्ली त्या स्वतः फक्त घरच्यांचे दात बघतात, बाहेरच्यांना असिस्टंट बघतो.

आता माझ्याबद्दल. मला पाण्याची भीती वाटते. हे मी ऋताला सांगितलं होतं, काकूंना नाही. भीती वाटली की काळीज धडधडायला लागतं असं लोक म्हणतात, पण ते सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही. काही प्राण्यांचं उलट होतं. हरणाचं पाडस वाघाची चाहूल लागली की गवतात थिजतं, त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, श्वास हळू होतो. मी त्यातला. लहानपणी कुत्रा दिसला की मी खांब व्हायचो, आणि एकदा कुत्र्याने त्या समजुतीने वागूनही दाखवलं होतं.

सरावाच्या उथळ वाटेवर पहिली बुडी झाली. बाकीचे तिघं हिंडत होते. मी तळाच्या वाळूवर गुडघे टेकून संथ श्वास घेत माझ्या मृत्यूचा विचार करत होतो. एक निळा मासा माझ्या कोपरात येऊन राहिला. बाहेर आलो तर किनाऱ्यावरच्या फलकावर माझं नाव आणि पुढे चौऱ्याण्णव. बिल्ल्यावर मराठी निवडलेली असल्यामुळे फलक मराठीत बोलला: "आपण होतात हे समुद्राच्या लक्षातही आले नाही. अभिनंदन."

ते वाक्य मीच लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी कुठल्यातरी सरकारी कामासाठी गठ्ठ्याने माफ्या आणि अभिनंदनं लिहून दिली होती. ती कुठे लागणार ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

ऋताने मला मिठी मारली. काका म्हणाले, वेळेआधी गाडी लागली. मग काकू बाहेर आल्या आणि फलक म्हणाला, "आपला उत्साह समुद्रापर्यंत पोहोचला आहे. कृपया त्यातला थोडा परत न्यावा." गुण अकरा.

ऋता वाकून पायातले पंख काढायला लागली. पाण्यातला पापड तळल्यासारखा आवाजही थांबल्यासारखा वाटला.

काकूंचं काय झालं ते ऋताने पाण्याखाली बघितलं होतं. त्या दवाखान्यातला कपाळावरचा दिवा घेऊन उतरल्या होत्या आणि दिसेल त्या माशाच्या तोंडात उजेड पाडत होत्या. एका गोब्र्याला त्यांनी बोटाने आ कर अशी खूण केली. गोब्रा कुटुंबासह निघून गेला. शिवाय जे जे दिसेल ते त्या दोन्ही हातांनी सगळ्यांना दाखवत होत्या.

ऋताला अडतीस, काकांना पंचेचाळीस. किनाऱ्याची व्यवस्था बघणाऱ्या नफीसतने हिंदीत नियम सांगितला, रोज सांगून सांगून गुळगुळीत झालेला. सराव संपला, आता खऱ्या वाटा. बुडी कायम जोडीने घ्यायची, आणि दोघांच्या गुणांची सरासरी पन्नासच्या वर असेल तरच जोडी आत सोडणार. शिवाय बाहेर आल्यावर बिल्ला पेटीत टाकायला विसरायचं नाही. बिल्ला पेटीत पडेपर्यंत बुडी चालू धरली जाते. हे ती बोलत असतानाच काका मनगटावर बिल्ला घेऊन जेवायला गेले होते. त्या दुपारी ते कागदोपत्री तासभर माशाच्या कालवणात बुडालेले होते.

सरासरीचा अर्थ सगळ्यांत आधी काकांना कळला. वेळापत्रकवाल्यांना असं लगेच दिसतं. शेवडे घराण्यातले कुठलेही दोघं मिळून पन्नास होत नव्हते. आत जायचं तर प्रत्येकाला मी लागणार होतो. काकूंना तर मी जेमतेम पुरणार होतो: चौऱ्याण्णव आणि अकरा, भागिले दोन.

काकूंना आत जायचंच होतं. त्यासाठीच तर त्यांनी परीक्षेला हे बेट निवडलं होतं. मिनियालच्या तिसऱ्या वाटेने बाहेरच्या कड्याशी सकाळी कपाळाला टेंगूळ असलेल्या पोपटमाशांचा कळप येतो, प्रत्येक मासा ऋताच्या उंचीचा. हे मासे प्रवाळ चावून खातात. त्यांच्या तोंडात हजारभर दात एकमेकांना चिकटून चोच झालेली असते, पुढचे झिजले की मागचे पुढे सरकतात, असे जन्मभर. काकू कॉलेजात असल्यापासून त्या दातांबद्दल वाचत होत्या. दगड खाणारा आणि कधीही दवाखान्यात न येणारा हा जगातला एकमेव रुग्ण त्यांना एकदा जेवताना बघायचा होता.

तर दुसऱ्या दिवसापासून फेऱ्या अशा लागल्या: सकाळची माझी आणि काकूंची, दुपारची माझी आणि ऋताची. काका किनाऱ्यावर कंट्रोलर. सुरतेच्या एका जोडप्याने मी सायंकाळी मोकळा असतो का अशी ऋताकडे चौकशी केली. ऋताने सांगितलं, गाडी डेपोत असते.

त्या संध्याकाळी नाशिकहून आईचा फोन आला. मी उत्साहात सगळं सांगितलं आणि लगेच पस्तावलो. आजवर ती मुलाकडची असल्याचं तिला कधी जाणवलं नव्हतं, ते तेव्हा जाणवलं. "मुलीच्या आईला अकरा?" ती म्हणाली. "आपण जरा विचार करायला हवा, निमू." मी तिला म्हणालो, तू आयुष्यात समुद्रात उतरलेली नाहीस. ती म्हणाली, म्हणूनच मला कुणी अकरा दिलेले नाहीत.

काकूंबरोबरची पहिली सकाळ माझ्या कायम लक्षात राहील. छातीएवढ्या पाण्यापर्यंत मी आलो. पुढे कड्यापलीकडे निळं होतं आणि त्याला तळ नव्हता. मी खांब झालो. काकूंनी वळून बघितलं. तीस वर्षं ज्या बाईसमोर माणसं खुर्चीत थिजली आहेत, तिला काय झालंय ते सांगावं लागत नाही. त्यांनी कपाळावरचा दिवा विझवला, मुखवटा वर केला आणि खुर्चीतल्या माणसाशी बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "मी धरलंय. त्रास झाला की डावा हात वर कर. मी तीनदा दाबलं की समज, आता थोडंच राहिलंय." आणि दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं.

आम्ही तसेच खाली गेलो. मी अर्थातच दगड. काकूंचे दोन्ही हात माझ्या मनगटावर, त्यामुळे त्यांना काहीच दाखवता येईना. पोपटमाशांच्या लांब जाणाऱ्या शेपट्या तेवढ्या दिसल्या आणि प्रवाळावर चाव्याचे ताजे पांढरे ओरखडे. काकू एका ओरखड्याजवळ इतका वेळ थांबल्या की मला वाटलं आता त्या त्याची फाईल करणार. बाहेर आल्यावर त्यांचे गुण वाढलेले होते. अठरा. पण त्या आनंदात होत्या.

माझे उतरलेले होते. शहाऐंशी.

याचं कारण मला तिसऱ्या सकाळी कळलं, तेव्हा मी कुणी न सांगता पाय हलवून एका कासवाच्या मागे गेलो. काकू मनगट दाबत होत्या आणि माझी भीती जात होती. भीती गेली की मी खांब राहत नव्हतो, माणूस होत होतो, आणि माणूस झाल्यावर मला हातपाय होते, कुतूहल होतं, हसायला येत होतं. मुखवट्यात हसलं की बुडबुड्यांचा लोंढा सुटतो. मासे सटकतात.

म्हणजे परिस्थिती अशी होती. काकूंना आत न्यायचं तर मी उतरायला हवं. मी उतरलो की भीती कमी होणार, गुण घसरणार. आणि लग्नाला लागणारा दाखला कानोसा शेवटच्या बुडीच्या गुणांवर देतो. चढते आणि उतरते गुण मिळून सरासरी रोज पन्नासच्या नाकावर तगत होती. काकांना हे सारं दिसत होतं. ते गुपचूप मला म्हणाले की एसटीतसुद्धा त्यांनी असली फेरी कधी लावली नव्हती, ज्यात गाडी जितकी चालेल तितकी कमी होत जाते.

मी घाबरून राहायचा प्रयत्न केला. ऋताने मदत केली. दुपारच्या बुडीआधी ती मला शार्कच्या गोष्टी सांगायची, पण सांगता सांगता तिलाच हसू यायचं आणि मला तिचं हसू बघून बरं वाटायचं, जे घातक होतं. प्रेमात पडलेल्या माणसाला पुरेसं घाबरता येत नाही, अशी माझी तक्रार आहे.

शेवटून दुसऱ्या दिवशी मी बहात्तरवर होतो. काकू तीसवर. पोपटमासे अजूनही शेपट्यांपुरतेच.

ऋताने मला नारळीखाली नेलं आणि सरळ सांगितलं. "उद्या सकाळी तुझं पोट बिघडलंय. बहात्तरचा दाखला घे, दुपारच्या जहाजाने घरी जाऊ. आईला पुढच्या वर्षी आणू."

मी म्हणालो, पुढच्या वर्षी तिला कोण आत नेणार?

ऋता म्हणाली की पुढच्या वर्षी तू तिचा जावई असशील, तेव्हा हवा तेवढा निर्भय हो. यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मी मान्य केलं आणि पोटावर हात ठेवून चालायचा सराव करत किनाऱ्याने निघालो.

काकू ओहोटीच्या रेषेजवळ बसल्या होत्या, मूठभर पांढरी वाळू हातात घेऊन. सूर्य बुडत आला होता. मी शेजारी बसलो, पोटावर हात ठेवूनच. त्यांनी मला वाळू दाखवली आणि सांगितलं की या बेटावरची बरीचशी वाळू म्हणजे पोपटमाशांची विष्ठा आहे. ते प्रवाळ चावतात, दळतात, त्यातलं खाण्यासारखं तेवढं घेतात आणि बाकीचं पीठ मागून सोडतात. हजारो वर्षं. त्यावर नारळ उगवले, माणसं आली, शाळा झाली.

"हे एवढं बेट," त्या म्हणाल्या, "दातांनी केलंय."

एवढंच म्हणाल्या. उद्या येशील ना, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी पोट दाखवलं असतं. तयारी पूर्ण होती. त्या मुठीतली वाळू नुसती हळूहळू सोडत राहिल्या आणि मला त्यांचा हात दिसत राहिला, जो आठवडाभर माझ्या मनगटावर होता.

मी म्हणालो, काकू, सकाळी लवकर निघू या का, कळप लवकर येतो म्हणतात.

ऋता त्या रात्री जेवताना माझ्याशी बोलली नाही. वरणभात वाढताना मात्र तिने मला तूप दोनदा वाढलं, त्यामुळे नक्की काय समजायचं ते कळेना.

सकाळी तिसऱ्या वाटेने आम्ही उतरलो. कड्याशी काकूंनी दोन्ही हातांनी मनगट धरलं, सवयीने. मला गरज नव्हती. आम्ही एका मोठ्या प्रवाळाच्या आडोशाला टेकून राहिलो. आधी आवाज आला, खडीवरून रोलर जावा तसा. मग ते आले, गायींचा कळप संध्याकाळी गावात यावा तसे, हिरवट, टेंगूळवाले, कुठलीही घाई नसलेले. त्यातला एक आमच्यापासून हातभर अंतरावर थांबला आणि त्याने प्रवाळाचा लचका तोडला. कर्रर्र. चोच पूर्ण दिसली, दातांच्या रांगांवर रांगा, फरशी बसवल्यासारख्या.

काकू हलल्या नाहीत. दाखवलं नाही, दिवा लावला नाही. मुखवट्याच्या काचेआड त्यांचे डोळे मोठे झाले होते आणि काचेत खाली थोडं पाणी साठलं होतं. ते समुद्राचं नसावं. त्यांनी माझं मनगट तीनदा दाबलं, म्हणजे थोडंच राहिलंय. पण मला वाटतं, ते त्या स्वतःला सांगत होत्या.

आणि त्याच वेळी त्या माशाने आमच्या डोळ्यांसमोर, अतिशय शांतपणे, मागून बेट वाढवलं. पांढऱ्या वाळूचा भला मोठा ढग. मी हसलो. हसतच राहिलो, पाय झाडत, बुडबुडे सोडत. परतीच्या वाटेभर मला हसू आवरत नव्हतं आणि मासे दुतर्फा गप्प होऊन मला वाट देत होते.

गुडघाभर पाण्यात येऊन उभे राहिलो. फलकावर काकूंचे चौसष्ट. "आपण आलात, समुद्राने नोंद घेतली, तक्रार नाही."

माझे एक्केचाळीस. "आपला मुक्काम सगळ्यांनी ऐकला."

किनाऱ्यावर काका घड्याळ बघत उभे होते. दुपारचं जहाज, त्याआधी आणखी फेरी बसत नव्हती, कुठल्याच हिशेबात नाही. ऋताने फलकाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि रागवायचं राहूनच गेल्यासारखी वाळूत बसली. काकू पाण्याबाहेर गेल्या, बिल्ला पेटीत टाकला आणि वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर द्राक्षबागवाला, पोह्यांची बशी, समस्त शेवडे कूळ असं सगळं मला एकामागून एक दिसलं. नफीसतने माझ्या बिल्ल्यासाठी हात पुढे केला. मी पाऊल उचललं.

"तिथेच थांब," काकू म्हणाल्या. "बाहेर येऊ नकोस. निमिष, आ कर."

मी पाण्यात उभं राहून आ केला. त्यांनी काठावरूनच दिवा लावला, माझ्या तोंडात उजेड पाडला आणि मान हलवली. मग खुर्चीतल्या माणसाशी ज्या आवाजात कधीच बोलत नाहीत त्या आवाजात सांगायला लागल्या. खालची उजवी अक्कलदाढ आडवी झोपली आहे. तिचं मूळ नसेला चिकटलंय. हिरडी चिरावी लागेल. बाजूचं हाड थोडं तासावं लागेल. दाढ अखंड निघणार नाही, तिचे दोन तुकडे करावे लागतील, कदाचित तीन.

मी थिजलो. पाय वाळूत रुतले, श्वास बारीक झाला. घोट्याजवळून पळालेले चिमुकले मासे एकेक करून परत आले. फलकावर पन्नास झाले.

"असिस्टंटला हे जमणार नाही," काकू पुढे म्हणाल्या. "मंगळवारी दवाखान्यात यायचं. मी स्वतः काढणार. घरच्यांचं मीच करते."

हे शेवटचं वाक्य ऋताला आधी कळलं, मग काकांना. मला कळायला वेळ लागला, कारण काकू तोवर टाक्यांपर्यंत पोहोचल्या होत्या. त्यांनी करवतीचा आवाज तोंडाने काढून दाखवला. एकसष्ट. सुई कुठून आत जाते ते बोटाने दाखवलं. अडुसष्ट. तिथे फलक अडला. अडुसष्टवरच द्राक्षबागवाला गेला होता. काकूंनी क्षणभर फलकाकडे बघितलं आणि म्हणाल्या, भूल कधीकधी दाढेला नीट चढत नाही.

एक निळा मासा येऊन माझ्या गुडघ्याच्या खोबणीत राहिला.

"आपण होतात हे समुद्राच्या लक्षातही आले नाही," फलक म्हणाला. "अभिनंदन."

"हे कुठल्या मूर्खाने लिहिलंय?" काकूंनी आठवडाभरात पहिल्यांदाच विचारलं. ऋताने वाळूतूनच माझ्याकडे बोट केलं. मी हात वर करायला हवा होता, पण मला हात नव्हते.

काका म्हणाले, जहाज. सगळे माझी वाट बघायला लागले आणि माझे पाय हलेनात. शेवटी काकूच कपड्यांसकट परत पाण्यात आल्या, माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि तीनदा दाबलं. मला एकदम बरं वाटलं. घोट्याजवळचे मासे पांगायला लागले, फलकावरचा आकडा घरंगळायला लागला, आणि काकू मागे न बघताच म्हणाल्या, "नफीसत, आधी याचा बिल्ला काढ."